भिंतीचे पाच थर

प्रिय इरा, प्रिय निनाद,

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या बाबाला नाही, पुण्याच्या आत्याला नाही. ज्यांना सर्वांत आधी सांगायला हवं होतं, त्यांना तर नाहीच.

आता का, असं तुम्ही विचाराल. गेल्या रविवारी फोनवर, इरा, तू सांगत होतीस की तुझ्या शेजाऱ्याने बागेचं कुंपण उंच करून घेतलंय, दुपारपासून तुझ्या टोमॅटोंवर सावली पडते. तेवढ्या उंचीला तिथे परवानगी लागते आणि त्याने ती काढलेली नाही, म्हणून तू कौन्सिलला लिहिणार आहेस. मग हसून म्हणालीस, "आजी, मसुदा तूच करून दे. तुझ्याइतकं नेमकं कुणाला लिहिता येत नाही." निनाद कॅनडातून मध्येच म्हणाला, आजीने लिहिलं तर शेजारी कुंपणासकट घर सोडून जाईल. आपण सगळे हसलो. मीही हसले. फोन ठेवला आणि चहाचं आधण ठेवायला उठले, तर गॅसपाशी नुसतीच उभी राहिले.

मसुदा मी पाठवणार नाही. हे पाठवते आहे.

मराठीत लिहिते आहे. तुम्हाला वाचायला वेळ लागेल, हे ठाऊक आहे. पण इंग्रजीत मला फार छान लपता येतं. मुलांना ती भाषा शिकवण्यात माझी सगळी हयात गेली, तिच्यातले सगळे आडोसे मला माहीत आहेत. इथे मला आडोसा नको आहे. — नको आहे म्हणते, पण बघा, चार परिच्छेद झाले आणि मी अजून दारातच उभी आहे.

इंदापूरचं घर तुम्हाला आठवतं ते सुट्टीतलं. हायवेवरचे ट्रकचे हॉर्न, मागे धान्याचं गोदाम, पुढे माझ्या गुलाबांचे वाफे. वाफ्यांना तिरप्या विटांची किनार होती, सगळ्या विटा एका उंचीच्या, एका कोनात, टोकं वर. तुमचे आजोबा म्हणायचे, हिच्या बागेत फुलपाखरूसुद्धा अर्ज करून येतं. मला त्या वाक्याचा अभिमान वाटायचा.

डाव्या हाताला तांबोळ्यांचं घर. दस्तगीरभाई विड्याच्या पानांचे व्यापारी. निमगाव केतकीच्या पानमळ्यांतून पानं यायची, त्यांच्या पडवीत ओल्या फडक्यांत निवडली जायची आणि टोपल्या ट्रकने बाहेरगावी रवाना व्हायच्या. त्यांची बायको हमीदाभाभी. मुलगा सलीम, तेव्हा नुकताच बारामतीत नोकरीला लागलेला. दोन्ही घरांमध्ये चार फुटांची भिंत होती. संध्याकाळी आजोबा इकडून आणि दस्तगीरभाई तिकडून त्या भिंतीवर कोपर टेकून उभे राहायचे. डॉक्टरांनी मना केलेलं पान आजोबांना तिथेच मिळायचं आणि मला ते कळत नाही असं दोघांना वाटायचं.

आमच्या वाट्या त्याच भिंतीवरून जायच्या. भाभींकडून खीर आली की त्या वाटीतून आमची पुरणाची आमटी जाई. ती वाटी परत येताना त्यात कैरीचं लोणचं असे. भरून आलेली वाटी रिकामी परत करायची नाही, हे तुमच्या आईने तुम्हाला शिकवलं असेलच. अठरा वर्षं असं चाललं. पहिली वाटी कुणाकडून गेली होती, हे दोघींपैकी कुणालाच सांगता आलं नसतं. वाट्यांवर नावं घातलेली, म्हणून मिसळल्या नाहीत इतकंच.

आणि कागद माझ्याकडे यायचे. नळजोड, शिधापत्रिका, शाळेचा दाखला, विजेचं चुकलेलं बिल — कॉलनीत कुणालाही अर्ज करायचा झाला की "बाईंकडं जा". भाभींचे सगळे कागद मीच लिहिले. त्यांना वाचता येत होतं, पण सरकारी मराठी पुढे आली की त्या चष्मा काढून माझ्याकडे बघायच्या.

हे सगळं आधी सांगते आहे, कारण यातलं काही नंतर मी वापरलं.

तुमचे आजोबा गेले त्याला दोन वर्षं झाली असतील. एका सकाळी सलीम फाटकात आला. म्हणाला, "बाई, भित्त जरा वर घेतोय. चालंल नव्हं?" मी पेपर वाचत होते. म्हणाले, "घ्या की." जरा म्हणजे किती, हे मी विचारलं नाही आणि का, हेही विचारलं नाही. त्याला घाई दिसत होती, आणि मला अग्रलेख संपवायचा होता.

दुसऱ्या दिवशी मी डोळे तपासायला बारामतीला गेले ती मैत्रिणीकडे दोन दिवस राहिले. परत आले तर जुन्या भिंतीवर सिमेंटच्या ब्लॉकचे सहा थर चढलेले. राखाडी, गिलावा नसलेले. जमिनीपासून आठ फूट. गुलाबांवर दहा वाजेपर्यंत ऊन नाही. तांबोळ्यांचं अंगण नाही, दोरीवरचे कपडे नाहीत, भाभींची हाक नाही. तिथे एक भिंत होती आणि तिच्यासमोर मी.

गुलाबांचं निमित्त होतं. खरं सांगायचं तर मला ती भिंत थोबाडीत मारल्यासारखी वाटली. मी काय केलं होतं? आठवून आठवून एकच सापडलं. महिन्याभरापूर्वी मी भाभींना चेष्टेत म्हणाले होते, दस्तगीरभाई हल्ली ओळख देत नाहीत, मोठे व्यापारी झाले वाटतं. तेव्हा भाभी हसल्या नव्हत्या. म्हणजे त्याचा राग? एवढा?

आणि मग आणखी एक वाक्य मनात आलं. ते न लिहिता हे पत्र पुरं करता येईल का, याचा मी चार दिवस विचार केला. येणार नाही. वाक्य असं होतं — शेवटी ते लोक वेगळेच. अठरा वर्षांत हा विचार माझ्या मनाला कधी शिवला नव्हता, असं मी समजत होते. पण तो शोधावा लागला नाही. तयारच होता, धुऊन घडी करून ठेवल्यासारखा. वर्गात मुलांना मी काय काय शिकवलं होतं! आणि माझ्याच घरात, माझ्याच डोक्यात, हे कधीपासून ठेवलेलं होतं?

शेजारी जाऊन विचारलं असतं तर दोन मिनिटांचं काम होतं. गेले नाही. आजोबांच्या खणातली टेप काढली आणि भिंत मोजली.

मग अर्ज लिहिला. 'वरील विषयास अनुसरून सादर करते की' — सुंदर अक्षरात, समास सोडून. विनापरवाना वाढीव बांधकाम, नियमापेक्षा जास्त उंची, उजेड-वाऱ्यास अडथळा. एकही शब्द खोटा नव्हता. 'घ्या की' तेवढं त्यात नव्हतं. बांधकामाच्या कचेरीत बाळू होता, माझा जुना विद्यार्थी, आता चष्मा लागलेला, केस पिकू लागलेले. मी त्याला म्हटलं, माझं नाव पुढे यायला नको. तो म्हणाला, नोटिशीत नाव नसतं. पण समोरच्याने सुनावणी मागितली तर तक्रारीची प्रत द्यावी लागते आणि तक्रारदारालाही बोलावतात. मग आपण होऊन त्याने आणखी एक सांगितलं. म्हणाला, बाई, असं काही प्रकरण झालं की लोक कारण दाखवून जादा उंचीची परवानगी मागतात. कारण खरं असलं, दाखला जोडला, आणि लागून असलेल्या प्लॉटवाल्याने ना-हरकत लिहून दिली तर साहेब बहुतेक मंजूर करतात.

लागून असलेला प्लॉटवाला म्हणजे मी.

हे मला नोटीस निघण्याआधीच माहीत होतं. मी पुढे जे सांगणार आहे ते वाचताना एवढं लक्षात ठेवा.

बारा-पंधरा दिवसांनी भाभी आल्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घातलेली नोटीस. आत येऊन खुर्चीवर न बसता खाली बसल्या, भिंतीला टेकून. नेहमीप्रमाणे मी चष्मा लावला आणि माझ्याच तक्रारीवरून निघालेली नोटीस त्यांना मोठ्याने वाचून दाखवली. माझा आवाज कापला नाही. आजही मला त्याचं नवल वाटतं.

मी विचारलं, इतकी उंच कशाला घेतलीत भाभी? उशिरा का होईना, विचारलं. पदराचं टोक चाळत त्या म्हणाल्या,

"बाई, तुमाला म्हणून सांगते. भाईर न्हाय सांगितलं कुणाला. ह्यास्नी आता काय बी आठवत न्हाय. सलीमला साहेब म्हणत्यात. दुपारचं उठत्यात आन् म्हणत्यात, पानाची गाडी आली आसंल, टोपल्या चढवायच्या हायत. दोनदा हायवेला गेलं. एकदा टरकवाल्यानंच आणून सोडलं."

मागे गोदामाची उंच भिंत. पुढच्या फाटकाला त्या कुलूप लावत होत्या. उरली आमच्या दोघींमधली भिंत. धुण्याच्या दगडावर पाय देऊन ते ती ओलांडायचे, माझ्या बागेतून जायचे, माझ्या फाटकाची कडी काढायचे आणि समोर हायवे. दोनदा माझ्या बागेतून एक माणूस मरणाच्या दिशेने गेला होता, आणि मी दोन्ही वेळा उघडं फाटक बघून दूधवाल्याला बोलले होते.

मी म्हटलं, मला सांगायचंत की, मी फाटकाला कुलूप घातलं असतं. भाभी म्हणाल्या, तुमच्या दारी आम्ही कुलूप घाला म्हणायचं व्हय? त्यापेक्षा आपली भिंत वर घेतलेली बरी.

तेव्हा, त्या क्षणी, अजून काहीच बिघडलं नव्हतं. हे मी स्वतःला अनेकदा सांगते. अर्ज चुकीच्या समजुतीने केला, हे वाईट होतं, पण ते मागे घेता येत होतं. एक वाक्य लिहायचं होतं — 'माझ्या पतीस विस्मरणाचा आजार असून त्यांच्या सुरक्षिततेसाठी भिंत उंच करणे भाग पडले, सबब परवानगी मिळावी.' खाली डॉक्टरांचा दाखला. शेजारी माझी ना-हरकत. भाभींनी सुनावणीसाठी जायचं, साहेबांनी कारण ऐकायचं.

पण सुनावणी म्हणजे तक्रारीची प्रत. माझं अक्षर भाभी डोळे मिटून ओळखत होत्या. त्यांच्या घरातले सगळे कागद त्याच अक्षरात होते.

मी काय केलं? मी म्हटलं, "भाभी, कायद्यापुढे इलाज नाही."

पुढचं मी अगदी शांतपणे, समजावणीच्या सुरात बोलले. घरातला आजार कशाला सरकारी कागदावर आणायचा? उद्या गावभर होईल, सलीमचं लग्न व्हायचंय. सुनावणीला गेलात तर दंड, पुन्हा खेटे. त्यापेक्षा आठ दिवसांत भिंत उतरवतो असं लिहून देऊ, प्रकरण तिथेच मिटेल. त्यांची लाज मी हातात घेतली आणि तिने त्यांनाच दाराबाहेर ढकललं. त्या मान हलवत होत्या. मध्येच एकदा विचारलं, "काईच करता येनार न्हाय का, बाई? आर्ज बिर्ज?"

मी म्हटलं, नाही.

ही ती गोष्ट आहे. तक्रार नव्हे. हे 'नाही'.

उत्तर मी तिथल्या तिथे लिहिलं. 'सदर वाढीव बांधकाम अनवधानाने झाले असून ते स्वखर्चाने उतरविण्यास तयार आहे.' भाभींनी खाली सही केली, सावकाश, एकेक अक्षर जोडत. जाताना म्हणाल्या, तुम्ही नसता तर आम्ही काय केलं असतं. तो कागद कचेरीत नेऊन देण्याचीही मी तयारी दाखवली, आणि नेऊन दिला. बाळूने तो घेतला, तक्रारीच्या फायलीत लावायला फाईल उघडली, आणि थांबला. एकावर एक दोन कागद, दोन्हीवर एकच अक्षर. त्या अक्षरात त्याने पाच वर्षं आपल्या वहीतल्या चुका वाचल्या होत्या. त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. पोच दिली, शिक्का मारला. आधी रस्त्यात भेटला की स्कूटर थांबवायचा. त्यानंतर कधी थांबवली नाही.

त्या आठवड्यात सलीम दोन गवंडी घेऊन आला आणि सहापैकी पाच थर उतरवले, एक नियमात बसत होता. मी खिडकीतून बघत होते. ब्लॉक एकेक करून पलीकडे जात होते आणि अंगण परत दिसू लागलं — दोरी, धुण्याचा दगड, बाजेवर बसलेले दस्तगीरभाई. मला बघून त्यांनी हात वर केला आणि विचारलं, "गाडी आली का?" मी म्हटलं, अजून नाही.

संध्याकाळी भाभींनी भिंतीवरून वाटी दिली. शेवयांची खीर, वर चारोळी. कागद लिहून दिला त्याबद्दल. मी ती खाल्ली. तुम्हाला वाटेल घशाखाली उतरली नसेल, तर तसं नाही. चांगली झाली होती.

दुसऱ्या दिवशी मी फाटकाला कुलूप घातलं. मोठं, पितळी. मनाशी म्हटलं, आता भिंत कितीही असो, त्यांना हायवेला जाता येणार नाही, म्हणजे तसं बघितलं तर मी काम केलंच की. चार दिवस मला अगदी हलकं वाटलं. भाभींना किल्ली दाखवली. त्यांनी माझे हात धरले.

वाटी मात्र ओट्यावर पडून राहिली. तिच्यात काय घालून द्यायचं, ते सुचेना. एकदा रव्याचे लाडू केले, वाटी पुसून हातात घेतली, आणि परत ठेवली. लाडू मीच खाल्ले.

मग तो दिवस. उन्हाळा होता. दुपारी दोन ते चार मी पडते, तुम्हाला ठाऊक आहे. त्या वेळात तुम्ही मुलंसुद्धा घरात कुजबुजत बोलायचात. तीनच्या सुमारास बाहेर धप्पकन आवाज झाला. मला वाटलं पपई पडली. नंतर कुणीतरी काहीतरी बोलल्यासारखं वाटलं, बारीक, विनवल्यासारखं. मी घड्याळाकडे पाहिलं. चारला पंचावन्न मिनिटं कमी होती. मी कूस बदलली.

चार वाजता उठून बाहेर आले. दस्तगीरभाई गुलाबांच्या वाफ्यात पडले होते. धुण्याच्या दगडावर चढून भिंतीवर आले असणार, आणि इकडे उतरताना त्या तिरप्या विटांवर आपटले. एक पाय भलत्याच दिशेला वळलेला. उन्हाने चेहरा काळवंडला होता. भाभींचा भिंतीला टेकल्या टेकल्या डोळा लागला होता, रात्रभर त्या जाग्या असत. मला बघून ते शरमल्यासारखे हसले. म्हणाले, "बाई, जरा हात द्या. गाडी जाईल."

खुब्याचं हाड मोडलं होतं. बारामतीला नेलं, ऑपरेशन झालं, पण ते पुन्हा उभे राहिले नाहीत. महिन्याने त्यांना घरी आणलं, तेव्हा मी भेटायला गेले. ते छताकडे बघत पडले होते. मी काहीतरी म्हणायचं म्हणून म्हणाले, भाभी, आता परवानगी काढून भिंत पुन्हा वर घेऊ या. मी अर्ज लिहिते.

हो, हे मी म्हणाले. काही आठवड्यांपूर्वी 'नाही' म्हणालेली मी. माझ्या तोंडून निसटलं. भाभींच्या लक्षात आलं की नाही, मला सांगता येत नाही. त्या दस्तगीरभाईंच्या पायावरची चादर सारखी करत होत्या. न वळता म्हणाल्या,

"आता भित्तीचं काय काम न्हाय राहिलं, बाई."

पावसाळ्याआधी सलीम दोघांना बारामतीला घेऊन गेला. घर विकलं. वर्षभरात दस्तगीरभाई गेले.

मी एसटीने बारामतीला गेले. निमगाव आलं, पानमळे दिसले, लासुर्णे गेलं, दोन्ही बाजूंना ऊस. आणि सबंध वाट मी पहिलं वाक्य घोकत होते. 'भाभी, ती तक्रार माझी होती.' दुसरं वाक्य त्याहून अवघड होतं, 'आणि उपाय होता.' ती दोनच वाक्यं. आयुष्यभर मी मुलांना दोन वाक्यांत उत्तर लिहायला सांगत आले होते.

सलीमच्या घरी भाभींनी मला आतल्या खोलीत बसवलं. नव्या सुनेला बोलावून म्हणाल्या, "ह्या आमच्या बाई. आमचं समदं कागद ह्यांनीच लिवलं. ह्या नसत्या तर आमाला दंड झाला आसता." सून माझ्या पाया पडली. मी तिला आशीर्वाद दिला. चहा प्याले. दस्तगीरभाई शेवटी शेवटी कसे माझ्या फाटकाची आठवण काढत, ते भाभी सांगत होत्या. बाईंचं फाटक उघडं हाय का बघ, म्हणायचे. मग पाचची गाडी आहे म्हणून उठले. पाचला गाडी नव्हती. साडेसहाला होती. दीड तास मी स्टँडवर बसून राहिले. सलीमचं घर तिथून चालत दहा मिनिटांवर होतं.

त्याला आता अकरा वर्षं होत आली. या अकरा वर्षांत मी परत गेले नाही. ईदला फोन येतो, त्यांचाच. "बाई, तब्येत कशी हाय?" मी म्हणते, बरी आहे. त्या म्हणतात, तुमच्यासारखी शेजारीण पुन्हा मिळाली नाही. मी यावर काय बोलते? मी म्हणते, तुमच्यासारखीही नाही.

सुरुवातीला मी स्वतःशी वकिली केली. ते तसेही कधीतरी पडलेच असते. आठ फुटांवरून पडले असते तर? हायवेला तर गेले नाहीत ना? एकटी होते, आजोबा नव्हते, भिंत बघून घाबरले होते. सगळे मुद्दे मांडून झाले आहेत. निकाल दर वेळी एकच लागतो, कारण मला विचारलं गेलं होतं, काही करता येणार नाही का, आणि मला उत्तर माहीत होतं.

इरा, तुझ्या शेजाऱ्याचं कुंपण का उंच झालं, ते मला ठाऊक नाही. कदाचित तो नुसताच आडमुठा असेल. तू लिही किंवा लिहू नकोस. हे त्यासाठी नाही. आणि हे मी हमीदाभाभींच्या आधी तुम्हाला लिहिते आहे, हजारो मैलांवर, जिथून तुम्ही लगेच माझा चेहरा बघू शकणार नाही, यातही तोच जुना भित्रेपणा आहे. तो मला दिसतो. तुम्ही मला समजून घ्यावं म्हणून लिहिलेलं नाही. रविवारी फोन कराल तेव्हा यावर काही बोलायची गरज नाही.

वाफ्यांच्या विटा मी काढून टाकल्या. भिंत जेमतेम पावणेपाच फूट आहे. शेजारी आता बँकेतले कुणी राहतात, त्यांनी त्यांच्या बाजूने गिलावा करून घेतला. माझ्या बाजूला सहांतला उरलेला एक थर अजून उघडा आहे. कचेरीतल्या फायलीत ते दोन कागद एकावर एक असतील. भाभी बारामतीत आहेत, त्यांचा नंबर माझ्या डायरीत पहिल्या पानावर आहे.

त्यांची वाटी माझ्या मांडणीत वरच्या फळीवर आहे. तळाशी 'हमीदा द. तांबोळी' असं ठिपक्यांनी कोरलेलं आहे, स्वच्छ वाचता येतं. ती रिकामी आहे.

— आजी